‘रिपोर्ट चांगले आहेत’ याच्या पुढचं बोलू या

प्रश्न

पत्र लिहिणारे वाचक 54 वर्षांचे आहेत. पावणेदोन वर्षांपूर्वी त्यांना गुदाशयाचा कॅन्सर असल्याचं कळलं. गाठ गुदद्वारापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर होती. आधी रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या झाल्या, मग ऑपरेशन झालं. गाठीचा भाग काढून आतडं खाली जोडलं आणि जोड भरून येईपर्यंत मळ बाहेर पडायला पोटावर तात्पुरती पिशवी दिली. सहाव्या दिवशी ताप आला आणि जोडातून गळती होत असल्याचं कळलं. नळी घालून पू काढावा लागला, हॉस्पिटलमधला मुक्काम लांबला आणि तीन महिन्यांत बंद होणारी पिशवी नऊ महिने राहिली. ती बंद करून आता पाच महिने झाले आहेत.

सगळ्या तपासण्या स्वच्छ आहेत. पण दिवसातून बारा ते पंधरा वेळा संडासला जावं लागतं. सकाळी एकदा सुरू झालं की दोन-अडीच तास बाहेर पडता येत नाही. कळ आली की थोपवता येत नाही, गॅस रोखता येत नाही, पॅड लावावं लागतं. कामावर जायच्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत काहीच खात नाहीत. डॉक्टरांनी विचारलं की ‘ठीक आहे’ एवढंच सांगतात, कारण ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याकडे अशी तक्रार करणं त्यांना बरं वाटत नाही. पत्नी म्हणते, ‘जीव वाचला हे काय कमी आहे?’ नातेवाईक म्हणतात, वेळ जाईल तसं आपोआप बरं होईल. सध्या ते वेगळ्या खोलीत झोपतात.

त्यांचे प्रश्न दोन आहेत. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी हट्टाने उठून चालायला सुरुवात केली होती, जोड त्यामुळे सुटला का? आणि आता असंच सोसत राहायचं, की पिशवी परत लावून द्या म्हणून सांगायचं? दुसरा पर्याय त्यांना हार मानल्यासारखा वाटतो.

उत्तर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे आणि त्याचं ओझं तुम्ही विनाकारण वाहताय. नाही, तुमच्या चालण्यामुळे जोड सुटला नाही. अशा ऑपरेशननंतर लवकर उठवणं, चालवणं हा उपचाराचाच भाग असतो. त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि छातीत संसर्ग होण्याचा धोका कमी होतो, आतडंही लवकर कामाला लागतं. जोड गळण्याची कारणं वेगळी आहेत: जोड गुदद्वाराच्या किती जवळ आहे, तिथे रक्तपुरवठा कसा आहे, आधी रेडिएशन झालंय का, वजन आणि प्रथिनं घटली आहेत का, धूम्रपान आहे का. पुरुषांचं ओटीपोट अरुंद असतं, त्यामुळे इतक्या खाली काम करणं आणखी अवघड जातं. इतक्या खालच्या जोडांपैकी साधारण दहात एक गळतो, चांगल्या हातांनी केलेलाही गळतो. तुमच्या बाबतीत रेडिएशन होतं, जोड खाली होता आणि तुम्ही पुरुष आहात. यातलं काहीच तुम्ही हट्टाने केलेलं नाही.

उलट ती नऊ महिन्यांची पिशवी, जिच्याबद्दल तुम्ही इतकं कडवटपणे लिहिलंय, तिने तिचं काम केलं. पिशवीने गळती नक्की टळते असं नाही. पण गळती झालीच तर मळ पोटात पसरत नाही आणि पुन्हा पोट उघडायची वेळ बऱ्याचदा येत नाही. तुमचं नळीवर भागलं, त्यामागे हे एक मोठं कारण असणार.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही तो ‘सोसायचं की पिशवी?’ असा मांडलाय. मला या मांडणीतच अडचण दिसते. या दोन टोकांच्या मधे बरंच काही आहे आणि तुमच्या पत्रात त्यातल्या एकाचाही उल्लेख नाही. तुम्ही ते करून पाहिलं आणि उपयोग झाला नाही, असं नाही. तुम्हाला कुणी ते सांगितलंच नाही. आणि कुणी सांगितलं नाही याचं एक कारण तुमच्या ‘ठीक आहे’मध्ये आहे.

सर्जनच्या दृष्टीने तपासणीची भेट म्हणजे कॅन्सर परत आलाय का हे पाहण्याची भेट. स्कॅन, रक्तातला मार्कर, दुर्बिणीची तपासणी. ते सगळं ठीक असलं आणि तुम्हीही ‘ठीक आहे’ म्हणालात, की भेट संपते. तुम्हाला वाटतं की तक्रार करणं म्हणजे कृतघ्नपणा. मला हे पटत नाही. तुमच्या शरीरात काय चाललंय हे डॉक्टरांना न सांगणं म्हणजे त्यांनी केलेलं काम अर्धवट ठेवणं आहे. कॅन्सर काढणं हा उपचाराचा एक भाग होता. त्या ऑपरेशनने तुमच्या रोजच्या जगण्यात जो बदल केला त्यावर उपचार करणं हा दुसरा भाग, आणि तोही त्यांचाच आहे. ‘जीव वाचला’ हे खरं आणि ‘जगता येत नाहीये’ हेही खरं. यातलं एक म्हटल्याने दुसरं खोटं पडत नाही.

तुम्हाला जे होतंय त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे: लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम, थोडक्यात ‘लार्स’. तुमच्यासारख्या ऑपरेशननंतर बहुतेकांना यातला काही ना काही त्रास होतो. जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर सुमारे 40 टक्के लोकांमध्ये तो तीव्र असतो. म्हणजे तुमच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्यांपैकी कितीतरी जण हेच लपवून आत जातात आणि ‘ठीक आहे’ म्हणून बाहेर येतात.

हे का होतं ते समजून घेतलंत तर स्वतःवरचा राग थोडा निवळेल. गुदाशय हा आतड्याचा शेवटचा 12 ते 15 सेंटिमीटरचा भाग. तो ताणला जातो, मळ साठवतो आणि योग्य जागा मिळेपर्यंत वाट पाहू देतो. आत गॅस आहे की पातळ मळ, हेही तिथल्याच संवेदनांमुळे कळतं. तुमचा तो भाग जवळजवळ सगळा काढलाय आणि त्याच्या जागी मोठं आतडं ओढून आणलंय. मोठ्या आतड्याचा स्वभाव पुढे ढकलण्याचा, साठवण्याचा नाही. त्यात रेडिएशनने आजूबाजूचा भाग कडक होतो, आणि गळती झालेल्या ठिकाणी भरून येताना व्रण आकसतो, म्हणून जागा आणखी लहान होते. थोडासा मळ आला की कळ, तो पूर्ण बाहेर पडत नाही म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा कळ, असं चक्र लागतं. तुमचे सकाळचे दोन-अडीच तास हेच आहेत. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून ते होत नाही.

या त्रासाची मोजणी करायला 2012 साली डेन्मार्कमध्ये पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार झाली. गॅस रोखता येतो का, पातळ मळ नकळत गळतो का, दिवसातून किती वेळा जावं लागतं, जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावं लागतं का, आणि कळ इतकी जोराची येते का की धावतच सुटावं लागतं. एकूण गुण 0 ते 42. 30 किंवा त्याहून जास्त असतील तर त्रास तीव्र समजतात. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही प्रश्नावली रुग्णांना विचारून बनवली, आणि तिच्यात सर्वांत जास्त गुण ‘किती वेळा’ला नाहीत. ते धावत सुटावं लागण्याला आहेत, त्याखालोखाल तासाभरात पुन्हा जावं लागण्याला. तुम्ही पत्रात दिवसाचे आकडे मोजलेत. पण मला वाटतं तुम्हाला खरी भीती आहे ती ‘कधी येईल सांगता येत नाही’ याची. डॉक्टरांशी बोलताना तेच आधी सांगा. बारा वेळा जाणारा पण वेळ ठाऊक असलेला माणूस घराबाहेर पडू शकतो. पाच वेळा जाणारा पण कधी ते माहीत नसलेला माणूस पडू शकत नाही.

मात्र सगळं ‘लार्स’वर टाकून मोकळं होण्याआधी एक तपासणी हवीच, आणि जोड गळून गेलेल्या माणसाने तर ती टाळू नये. जोडाच्या जागी आतडं अरुंद झालंय का? अरुंद झालं असेल तर मळ थोडा थोडा बाहेर पडतो आणि वारंवार जावं लागतं. त्यावर उपाय वेगळा आहे, ती जागा रुंद करता येते. जोडाच्या मागे पुवाची छोटी पोकळी राहिली आहे का? रेडिएशनमुळे आतली त्वचा सुजली आहे का? पातळ होण्याला पोटावरच्या पिशवीचं ऑपरेशनही कारण असू शकतं. लहान आतड्याचा जो भाग महिनोन्‌महिने बाहेर होता त्याला पित्तातली आम्लं नीट शोषता येत नाहीत आणि ती मोठ्या आतड्याला चेतवतात. यालाही औषध आहे. तुम्हाला मधुमेह असेल आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. अनेकांना त्याने पातळ होतं आणि गोळी बदलल्यावर फरक पडतो. थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

आता तुमच्या उपाशी राहण्याबद्दल. त्यामागचं कारण मला कळतं; पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, असं वाटणं साहजिक आहे. पण त्यातून होतंय ते उलट. जेवण पोटात पडलं की मोठं आतडं आपोआप आकुंचन पावतं, ही प्रत्येकाच्या शरीरातली नेहमीची प्रतिक्रिया आहे. दिवसभर रिकामं ठेवून संध्याकाळी भरपेट खाल्लं की ती प्रतिक्रिया जोरात येते आणि रात्र व दुसऱ्या दिवशीची सकाळ तिच्यात जाते. शिवाय तुमचं वजन अजून पूर्वपदावर आलेलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. थोडं थोडं, ठरलेल्या वेळी, हळू खाऊन पाहा. पाणी जेवणाबरोबर एकदम न पिता मधल्या वेळात प्या. दोन आठवडे एक वही ठेवा: किती वाजता काय खाल्लं, कधी कळ आली, मळ कसा होता, किती वेळ थोपवता आली. कुठल्या पदार्थाने काय होतं हे माणसागणिक बदलतं, म्हणून दुसऱ्याची यादी तुमच्या कामाची नाही. फार तिखट, तेलकट, खूप कॉफी आणि साखरेऐवजी वापरले जाणारे काही गोड पदार्थ बऱ्याच जणांना त्रास देतात, तिथून सुरुवात करा. पण एकेक पदार्थ बंद करत शेवटी दोन-तीनच पदार्थांवर येऊन थांबू नका. तसं झालेले लोक अशक्त होतात आणि त्रास तेवढाच राहतो.

औषधांमध्ये दोन साध्या गोष्टी आहेत. इसबगोलाचा भुसा कमी पाण्यात घेतला तर पातळ मळ एकत्र बांधला जातो आणि एका वेळी बाहेर पडायला मदत होते. काहींना त्याने गॅस वाढतो, म्हणून अगदी थोड्यापासून सुरू करायचं. दुसरी लोपेरामाइडची गोळी. ती फक्त जुलाब झाल्यावर घ्यायची असते असं लोक समजतात. इथे ती आधीच, जेवणापूर्वी साधारण अर्धा तास, ठरवून घेतात, म्हणजे जेवणानंतरची ती जोराची लाट मंदावते. किती आणि कधी हे डॉक्टरांनी ठरवायचं, कारण जास्त झाली तर उलट अडकतं, आणि जोड अरुंद असेल, ताप असेल किंवा रक्त जात असेल तेव्हा ती स्वतःच्या मनाने घ्यायची नसते. पण ‘मला रोज, ठरवून घेता येईल का?’ हे तुम्ही विचारायला हवं. महत्त्वाच्या कामाच्या दिवशी उपाशी राहण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

मग फिजिओथेरपी. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात, ज्यांना पेल्विक फ्लोअर म्हणतात, त्यांचा व्यायाम. व्हिडिओ बघून नुसतं आवळत बसू नका. तुमच्यासारख्या माणसाला आवळण्याइतकंच सैल सोडायलाही शिकावं लागतं, नाहीतर मळ पूर्ण बाहेर पडत नाही. त्यासाठी प्रशिक्षित माणूस हवा, आणि फरक जाणवायला काही महिने लागतात. लाज वाटेल. पहिल्या भेटीत सगळ्यांनाच वाटते, आणि समोरच्याला तुमच्यासारखे लोक रोज भेटतात.

यापेक्षाही मला ज्याबद्दल सविस्तर लिहायचंय तो उपाय म्हणजे पाण्याने आतडं धुणं. गुदद्वारातून शंकूच्या आकाराचं टोक किंवा फुगा असलेली नळी घालून कोमट पाणी, साधारण अर्धा ते एक लिटर, सावकाश आत सोडतात आणि मग ते मळासकट बाहेर पडू देतात. रोज किंवा एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास जातो. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग रिकामा झाला की तो पुन्हा भरायला बरेच तास लागतात. तेवढे तास तुमचे. तीव्र त्रास असलेल्या रुग्णांमध्ये याचा चांगला उपयोग झालेला दिसतो, कारण दुखणं आकड्यापेक्षा अनिश्चिततेचं असतं आणि हा उपाय नेमक्या अनिश्चिततेवर आहे. ऐकायला विचित्र वाटेल, ‘म्हणजे रोज एनिमाच की’ असं म्हणून सोडून द्यावंसं वाटेल. पण सकाळचे अडीच तास तुम्ही आत्ताही तिथेच घालवताय, आणि तेही बाकीच्या दिवसाची काही हमी नसताना.

यात एक अट आहे आणि ती पक्की आहे. तुमचा जोड एकदा गळलाय, म्हणून तो पूर्ण भरून आलाय, मागे पोकळी नाही, जागा अरुंद नाही, हे सर्जनने तपासून ‘हो’ म्हणेपर्यंत हे करायचं नाही. पहिल्यांदा प्रशिक्षित नर्सच्या देखरेखीखाली शिकायचं. आतड्याला भोक पडणं हा धोका क्वचितचा असला तरी गंभीर आहे. पाणी सोडताना किंवा नंतर जोराचं, न थांबणारं पोट दुखलं, रक्त आलं, ताप आला तर थेट हॉस्पिटल. एवढ्यानेही भागलं नाही तर कमरेखालच्या मज्जातंतूंना सौम्य विजेने चेतवणारं छोटं यंत्र त्वचेखाली बसवण्याचा उपचारही आहे, पण तो सगळीकडे मिळत नाही आणि सगळ्यांना लागू पडत नाही.

तर आता पिशवी. तुम्ही तिला ‘हार’ म्हटलंय आणि मला हा शब्द मान्य नाही. कायमची पिशवी घेतलेले कितीतरी लोक कामावर जातात, पोहतात, लांबचा प्रवास करतात आणि ‘हे आधीच करायला हवं होतं’ असंही म्हणतात. सगळे म्हणतात असं नाही. काहींना पिशवीचं ओझं शेवटपर्यंत वाटतं. पण एक गोष्ट तुम्ही लक्षात घ्यायला हवी. तुम्हाला ठाऊक असलेली पिशवी लहान आतड्याची होती. तिच्यातून पातळ, त्वचा जाळणारा मळ सतत येतो, दिवसातून अनेकदा रिकामी करावी लागते, पाणी आणि क्षार कमी होतात. पुढे कायमची द्यायची वेळ आली तर ती बहुधा मोठ्या आतड्याची असेल. तिच्यात मळ घट्ट असतो, ती दिवसातून एक-दोनदा बदलली की पुरते, आणि काहींना तीही पाण्याने धुऊन दिवसभर जवळजवळ रिकामी ठेवता येते. म्हणून त्या नऊ महिन्यांच्या अनुभवावरून या पर्यायाला नाव ठेवू नका.

दुसऱ्या बाजूला, तो सोपा रस्ताही नाही. रेडिएशन झालेल्या, एकदा पू झालेल्या ओटीपोटात पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. जखम भरायला वेळ लागू शकतो, आणि पिशवीच्या बाजूला हर्निया होणं हे पुष्कळांच्या बाबतीत पुढे घडतं. म्हणून माझं मत असं: आज, पाच महिन्यांवर आणि एकही उपाय न करता, हा निर्णय घेऊ नका. त्याचबरोबर तो मनातून काढूनही टाकू नका. पिशवी बंद केल्यानंतरच्या पहिल्या वर्षभरात आतडं बऱ्यापैकी सुधारतं, काहींचं दीड-दोन वर्षांपर्यंत. तोवर वर लिहिलेले उपाय नीट, एकामागोमाग एक, मनापासून करून पाहा. त्यानंतरही आयुष्य संडासाच्या दाराभोवतीच फिरत असेल तर कायमची पिशवी हा योग्य उपचार असू शकतो. तेव्हा ठरवण्याआधी अशी पिशवी स्वतःहून निवडलेल्या एखाद्या माणसाशी बोला. स्टोमा, म्हणजे पिशवी लावण्यासाठी पोटावर केलेलं आतड्याचं तोंड, असलेल्यांचे मदतगट असतात, स्टोमा नर्स अशी गाठ घालून देतात.

‘वेळ जाईल तसं आपोआप बरं होईल’ म्हणणाऱ्यांना अर्धंच माहीत आहे. वेळेने सुधारणा होते हे खरं. पण रेडिएशन झालेल्या आणि जोड गळलेल्या माणसाचा त्रास बऱ्याचदा वर्षानुवर्षं उरतो, आणि तो नुसती वाट पाहून जात नाही. तुम्ही वाट पाहा, पण हातावर हात ठेवून नको.

तुमच्या पत्रात एक वाक्य अगदी जाता जाता आलंय: ‘सध्या वेगळ्या खोलीत झोपतो.’ कारण तुम्ही लिहिलं नाही. रात्री उठावं लागतं, वास येईल अशी भीती वाटते, पॅड दिसेल असं वाटतं, हे सगळं मी समजू शकतो. पण आणखी एक शक्यता आहे, जिच्याबद्दल पुरुष सहसा बोलत नाहीत, म्हणून मीच बोलतो. लघवी आणि लिंगाची ताठरता यांचे मज्जातंतू गुदाशयाला अगदी चिकटून जातात. ऑपरेशन आणि रेडिएशन या दोन्हींमुळे त्यांना इजा होऊ शकते. ताठरता न येणं, वीर्य बाहेर न पडणं, लघवी पूर्ण न होणं, हे तुम्हाला होत असेल तर ते या उपचारांचे ओळखीचे परिणाम आहेत. वय झालं किंवा मन खचलं म्हणून ते झालं असं समजू नका. यावर गोळ्या आहेत, इतर साधनं आहेत, आणि लवकर सुरू केलेलं बरं. हृदयासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील तर या गोळ्या चालत नाहीत, म्हणून दुकानातून परस्पर आणू नका, युरॉलॉजिस्टला भेटा. स्त्री वाचकांसाठीही हेच लागू आहे. रेडिएशननंतर योनीमार्ग कोरडा आणि अरुंद होतो, संबंध दुखतात, पाळी कायमची थांबू शकते. त्यावर उपाय आहेत, आणि विचारल्याशिवाय ते सहसा कुणी सांगत नाही.

तुमच्या पत्नीचं ‘जीव वाचला हे काय कमी आहे’ तुम्हाला टोचलंय. मला त्यात थोडी भीती ऐकू येते. त्या आठवड्यात, तुम्हाला ताप होता आणि डॉक्टर घाईघाईने स्कॅनला नेत होते, तेव्हा त्या बाहेर उभ्या होत्या. त्यांना त्या दिवसांच्या तुलनेत आजचा दिवस दिसतो, तुम्हाला ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांच्या तुलनेत. दोघांपैकी चूक कुणीच नाही. पण त्यांना तुमच्या दिवसाचा तपशील माहीत आहे का? तुम्ही उपाशी राहता हे त्यांना ठाऊक आहे का? मला शंका आहे. ‘मला समजून घे’ म्हणण्यापेक्षा ती वही त्यांना वाचायला द्या. आणि मन सतत उदास राहत असेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगण्याच्या यादीत घाला. समुपदेशन आणि गरज पडल्यास औषध, दोन्हींचा उपयोग होतो.

कामाच्या ठिकाणी सगळ्यांना सांगायची गरज नाही. एकाच भरवशाच्या माणसाला सांगा, आणि बसायची जागा संडासच्या जवळ व सकाळची वेळ थोडी उशिराची मागून घ्या. त्वचेसाठी कागदाने घासण्याऐवजी पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. जास्तीचे कपडे, पॅड आणि एक बंद होणारी पिशवी बॅगेत कायम असू द्या. बऱ्याच वेळा ती बॅग उघडावीही लागत नाही, पण ती आहे म्हणून बाहेर पडता येतं.

ज्या वाचकांची तात्पुरती पिशवी अजून चालू आहे त्यांच्यासाठी थोडं. दिवसभरात पिशवीतून दीड लिटरपेक्षा जास्त पातळ जात असेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, चक्कर किंवा पायात गोळे येत असतील तर नुसतं पाणी ढोसू नका. साध्या पाण्याने अशा वेळी क्षार आणखी वाहून जातात. ओआरएस घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, मूत्रपिंडाला यातूनच इजा होते. काही तास पिशवीत काहीच आलं नाही आणि पोटात मुरडा व उलट्या असतील तर ते अडकलेलं असू शकतं, थांबू नका. खालून अधूनमधून चिकट स्राव येणं मात्र साधं आहे, घाबरू नका. ज्यांचं गुदद्वार काढून कायमचं बंद केलंय त्यांची खालची जखम भरायला महिने लागू शकतात, आणि नसलेल्या जागी कळ आल्यासारखं वाटणं हेही बऱ्याच जणांना होतं.

आणि तुम्ही स्वतः: ताप, ओटीपोटात किंवा माकडहाडाजवळ वाढत जाणारं दुखणं, पू किंवा रक्त, लघवीतून हवा किंवा मळ, अचानक बदललेली शौचाची सवय, यातलं काही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही.

बाकीच्यासाठी पुढची भेट वेगळी मागून घ्या. फोन करून सांगा, ‘कॅन्सरच्या तपासणीसाठी नाही, शौचाच्या त्रासाबद्दल बोलायला वेळ हवाय.’ जाताना वही न्या आणि पाच प्रश्नांची ती प्रश्नावली मागून तिथेच भरा. मग हे विचारा: जोडाची जागा अरुंद आहे का, मागे पोकळी आहे का? लोपेरामाइड ठरवून घेऊ का? पेल्विक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवाल का? पाण्याने धुणं माझ्यासाठी सुरक्षित आहे का, आणि ते कोण शिकवेल? तुमच्या सर्जनना यातलं सगळं स्वतः करायचं नसेल तर ते करणाऱ्या माणसाकडे चिठ्ठी मागा. ते मागणं तुमच्या हक्काचं आहे. पत्नीला बरोबर आत घेऊन जा आणि डॉक्टरांनी ‘कसं काय?’ विचारलं की वही उघडून आदल्या दिवसाचं पान वाचून दाखवा.